केसपेपरवरचं प्रश्नचिन्ह

नोव्हेंबर २०२२. भिवंडीच्या शांतीनगरात एका दवाखान्यात तुम्ही भिंतीला टेकून उभे आहात, कारण बसायला जागा नाही. दहा बाय बाराचा गाळा, बाकावर सहा बायका आणि सात पोरं, दारावरच्या पाटीवर नावाखाली बीयूएमएस, म्हणजे युनानीची पदवी. भिंतीपलीकडे यंत्रमागांचा कारखाना आहे. त्याच्या खटखटीनं कपाटातल्या बाटल्या एकमेकींवर किणकिणत राहतात. डॉक्टर स्टेथोस्कोप लावताना डोळे मिटून घेतात. पंधरा वर्षांत लूमचा आवाज कानातून वजा करायला शिकलो, असं ते सांगतात. तुम्हाला मात्र त्यांचं हे वाक्यसुद्धा ओठांवरून वाचावं लागतं.

पुढचा नंबर सव्वा वर्षाच्या मुलीचा. तापाचा चौथा दिवस. डोळे लाल, पापण्या चिकटलेल्या, नाक वाहतंय, खोकला कोरडा. आज सकाळी कानामागे आणि कपाळावर केसांच्या रेषेत लाल पुरळ दिसलं म्हणून आई धावत आलीय.

"खसरा है क्या, डॉक्टरसाब?"

डॉक्टर उत्तर देत नाहीत. चमच्याच्या दांड्यानं मुलीचा गाल आतून बाजूला सारतात आणि टॉर्च मारतात. तुम्हीही वाकून बघा. दाढा यायच्या त्या जागेसमोर, लालभडक गालावर, मिठाचे कण चिकटावेत तसे पाच-सहा पांढुरके ठिपके आहेत. उद्यापर्यंत ते नाहीसे होतील. हेन्री कॉप्लिक नावाच्या न्यूयॉर्कच्या बालरोगतज्ज्ञानं १८९६ मध्ये या ठिपक्यांचं महत्त्व लिहून ठेवलं. गोवराचं पुरळ उठण्याआधी एक-दोन दिवस ते येतात आणि पुरळ पसरलं की जातात.

एवढं बघूनही डॉक्टर केसपेपरवर काय लिहितात? आधी एक प्रश्नचिन्ह, आणि मग 'मीझल्स'. त्याखाली रुबेला. त्याखाली डेंग्यू, कारण भिवंडीत नोव्हेंबरातही डबकी भरलेली असतात. सर्वांत शेवटी औषधाचं पुरळ, कारण तीन दिवसांपूर्वी या बाईनं मेडिकलवाल्याकडून काहीतरी गोळी आणून चुरून पाजलीय आणि ती कसली होती ते तिला आठवत नाही.

या यादीला डॉक्टर आपसात 'डीडी' म्हणतात. मराठी पाठ्यपुस्तकात तिला 'व्यवच्छेदक निदान' असा भारदस्त शब्द आहे, पण तो मोठ्यानं उच्चारलेला मी अजून ऐकलेला नाही. सारख्या दिसणाऱ्या दोन-चार रोगांची नावं शेजारी शेजारी मांडायची, कुठलंही घाईनं पुसायचं नाही आणि प्रत्येकाला पुराव्यानं बाद करत जायचं, एवढाच त्याचा अर्थ. मला यात निवडीपेक्षा यादीचंच कौतुक जास्त वाटतं. चार नावांतून चुकीचं एक उचललं तर उद्या सुधारता येतं. खरं नावच यादीत नसेल, तर रोगी डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. आणि यादीत काय असतं हे त्या गावानं त्या त्या काळात काय काय भोगलंय त्यावर ठरतं. या डॉक्टरांच्या यादीत गोवर गेली काही वर्षं बराच खाली गेला होता. कोरोनाच्या दोन वर्षांत लसी चुकल्या आणि या हिवाळ्यात गोवंडी, मालेगाव, भिवंडी असं नाव घेत तो परत वर आला.

तेवढ्यात लाईट जाते. शेकडो लूम एका क्षणात थांबतात. भिवंडीत वीज गेली की अंधारापेक्षा शांतता आधी जाणवते. बाटल्यांची किणकिण थांबलीय. डोळे सरावेपर्यंत थांबा.

खटखट पुन्हा ऐकू येते, पण लांबून आणि विरळ. दवाखाना नाही, बाक नाही. मे १९७४. रेल्वेचा देशव्यापी संप चालू आहे. तुम्ही पत्र्याच्या चाळीसमोर उभे आहात. एका खोलीच्या दारावर कडुलिंबाचा पाला खोचलाय. खोलीत लूमवर काम करणारे बारा जण राहतात. रात्रपाळीचे सहा दिवसा झोपतात आणि त्यांनी गरम केलेल्या गोधड्यांवर दिवसपाळीचे सहा रात्री. आज दिवस असूनही कोपऱ्यातला एक जण उठलेला नाही. संप सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात तो बिहारहून आला.

बिहार हा शब्द या महिन्यात आरोग्य खात्याला झोपू देत नाही. या एका वर्षात भारतात देवीचे १ लाख ८८ हजारांवर रुग्ण नोंदले जाणार आहेत, त्यांत ३१ हजारांवर मृत्यू, आणि साथीचं केंद्र बिहारमध्ये आहे. महाराष्ट्रात आता देवी येते ती बहुधा बाहेरून, पाहुणी म्हणून. म्हणून खांद्याला पिशवी लावलेला आरोग्य कर्मचारी चहाच्या टपरीवर, शाळेत, बाजारात एक कार्ड दाखवत फिरतोय. कार्डावर फोडांनी भरलेल्या चेहऱ्याचं पोर. असं कुणी पाहिलंत का? खबर देणाऱ्याला बक्षीस आहे. पुढच्या वर्षी ते एक हजार रुपयांवर जाईल. तेव्हाच्या लूम कामगाराला ही रक्कम काही महिने पुरेल.

तो खोलीत शिरतो. तुम्ही मागोमाग. आत घामाचा आणि खोबरेल तेलाचा वास. कर्मचारी आधी त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघत नाही; त्याचा हात धरून तळवा उघडतो. मग दुसरा. मग पायाचे तळवे. कोरे आहेत. आता तो सदरा वर करायला सांगतो. पोटावर आणि पाठीवर गर्दी आहे: एके ठिकाणी दवबिंदूसारखी पाण्यानं भरलेली ताजी फोडी, तिच्याशेजारी खपली धरलेली जुनी, तिच्याशेजारी नुसता लाल ठिपका.

देवी असती तर उलटं दिसलं असतं. चेहरा, हात आणि पाय गच्च भरलेले, पोट मोकळं, तळव्यांवरही फोड. सगळे फोड एकाच वयाचे, एकत्र पिकणारे, आणि बोटानं दाबले तर कातड्याखाली छऱ्यासारखे टणक लागणारे.

"ताप आधी आला की पुरळ?"

"साथ ही साथ."

"कमर दुखी थी?"

नाही. देवीत पुरळ येण्याआधी दोन-तीन दिवस ताप फणफणतो आणि कंबर मोडते. हा कमरेचा प्रश्न लक्षात ठेवा. तो फार जुना आहे आणि तुम्हाला पुन्हा भेटणार आहे.

दारात चाळमालकाची म्हातारी आई केव्हाची येऊन उभी आहे. तिचा चेहरा पावसाचे थेंब पडलेल्या मातीसारखा खड्ड्यांनी भरलेला.

"कांजिण्या आहेत त्या. कवाधरनं सांगतेय. देवी कशा असतात ते माझ्या तोंडावर बघ."

कर्मचारी हसतो आणि वहीत 'कांजिण्या' लिहितो, पण तेवढ्यावर सुटत नाही. वरच्या साहेबांना दाखवल्याशिवाय नाव कायम होणार नाही, आणि दोन दिवसांनी तो पुन्हा येऊन तळवे बघणार आहे. कांजिण्यांना देवी समजलं तर एका चाळीला विनाकारण लस टोचली जाईल. देवीला कांजिण्या समजलं तर संप मिटताच पुढच्या गाडीनं ती कुठे पोचेल सांगता येत नाही. दोन्ही चुकाच, पण एकीची किंमत पैशांत आहे आणि दुसरीची माणसांत. म्हणून यादीत जास्त भयंकर नाव वर ठेवायचं आणि त्याला सर्वांत शेवटी सोडायचं.

त्या म्हातारीला मात्र कुणी पगार दिला नाही. आपल्या भाषेत देवी, गोवर आणि कांजिण्या असे तीन वेगळे शब्द आहेत, आणि ते कुठल्या कमिटीनं घडवलेले नाहीत. आज्यांनी पोरं उशाशी घेऊन बघितली आणि नावं वेगळी ठेवली. लंडनमध्ये विल्यम हेबर्डेनला कांजिण्या आणि देवी हे दोन निराळे रोग आहेत हे डॉक्टरांपुढे मांडायला १७६७ साल उजाडावं लागलं.

देशातली देवीची शेवटची रुग्ण मे १९७५ मध्ये आसामात सापडली. १९८० मध्ये जगातून ती गेल्याचं जाहीर झालं आणि यादीतलं एक नाव कायमचं खोडलं गेलं. त्याबरोबर तळवे बघायची सवयही हळूहळू सुटली. २०२२ मध्येच मंकीपॉक्सच्या बातम्या येऊ लागल्या तेव्हा तो धडा नव्यानं गिरवावा लागला.

आता खाडीकडे चला. मागे, आणखी मागे. यंत्रमाग गेले, हातमागाची ठोक उरली. सप्टेंबर १८९६ची ही पहाट आहे, पाऊस सरत आलाय, आणि भिवंडीच्या बंदरातून तांदळाच्या गोणी भरलेला पडाव भरती-ओहोटीच्या हिशेबानं निघतोय. गोणीवर बसून घ्या. ठाण्याची खाडी, मग मुंबईचं बंदर, मग मांडवी.

मांडवीत धान्याच्या वखारी एकमेकींना चिकटून आहेत आणि त्यांच्यावर माणसं राहतात. गल्लीत एक गोडसर कुजका वास आहे. गटाराकडेला मेलेला उंदीर, पुढच्या पायरीवर दुसरा. हमाल ते पायानं बाजूला सारतात. तुम्हाला पुढचं ठाऊक आहे, त्यांना नाही. तुम्ही ओरडून सांगितलं तरी उपयोग नाही. उंदरावरची पिसू हा दुवा पॉल-लुई सिमाँ हा फ्रेंच डॉक्टर १८९८ मध्ये कराचीत दाखवणार आहे.

एका जिन्यावरून चाळिशीतला डॉक्टर उतरतोय. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस, मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले, इथे मांडवीत दवाखाना चालवणारे. वरच्या खोलीत त्यांनी जो रोगी पाहिला तो तुम्हीही बघून या. अंग भाजतंय, जीभ पांढरी, डोळे दारू प्यालेल्यासारखे, बोलणं जड. जांघेत अंड्याएवढी गाठ. चादरीचा स्पर्शही सोसत नाही म्हणून पाय दुमडून पडलाय.

आता तुम्ही यादी करा. हिवताप? पावसाळ्याच्या शेवटी मुंबईत अर्ध्या तापांना तेच नाव मिळतं, पण हिवतापात प्लीहा वाढते, जांघेत अशी गाठ येत नाही. मग बद? गुप्तरोगानं जांघेत गाठ येते, पण तिनं माणूस तीन दिवसांत बरळू लागत नाही. हत्तीरोगाची गाठ? ताप येतो, पाय सुजतो, पण माणूस जगतो. काखेत किंवा मानेत गाठ असेल तर कुणी गालगुंडसुद्धा म्हणेल. प्रत्येक नाव थोडं थोडं बसतं आणि थोडं थोडं सुटतं. एका खोलीत उभं राहून याचं उत्तर मिळत नाही. शेजारच्या जिन्यावर तसाच रोगी आहे, त्यापलीकडच्या घरात तसाच एक काल गेला, हे कळलं की मग यादीत एक नवं नाव लिहावं लागतं. ते नाव मुंबईच्या डॉक्टरांच्या त्या पिढीनं पुस्तकात वाचलेलं होतं, आणि दोन वर्षांपूर्वी हाँगकाँगच्या बातम्यांत.

व्हिएगसांनी ते नाव घेतलं: प्लेग. आणि घेतलं ते महापालिकेच्या सभेत, जाहीरपणे. अधिकाऱ्यांच्या तोंडून तो शब्द सहज निघत नव्हता, आणि त्याला कारण वैद्यकाच्या बाहेरचं होतं. बंदराच्या शहरानं प्लेग म्हटलं की जगभरची बंदरं त्याच्या जहाजांना दारं लावणार, कापसाच्या गाठी धक्क्यावर पडून राहणार. 'गाठीचा ताप' म्हणणं व्यापाराला परवडत होतं. यादीतून एखादं नाव गाळायला कधीकधी असाही हात लागतो, हे वैद्यकाच्या पुस्तकात क्वचितच लिहितात. ऑक्टोबरात जंतुशास्त्रज्ञ हाफकिन कलकत्त्याहून मुंबईत आले, प्रयोगशाळा मांडली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतः बनवलेली प्लेगची लस त्यांनी आधी स्वतःलाच टोचून घेतली. मराठी वर्तमानपत्रांत तोवर 'ग्रंथिक सन्निपात' हा शब्द रुळू लागला होता. व्हिएगसांचा पुतळा आजही मेट्रो सिनेमासमोर उभा आहे; बसच्या खिडकीतून दिसतो, पण बघतं कोण.

मांडवीहून भायखळ्याच्या बाजूला चालत निघालात तर जमशेटजी जीजीभॉय रुग्णालय फार लांब नाही. चालता चालता एकोणीस वर्षं मागे जा. १८७७. दख्खनमध्ये दुष्काळ आहे आणि माणसं मुंबईत उतरतायत, अंगावर हाडं आणि चिंध्या, चिंध्यांत उवा. वॉर्डात ताप आहेत. कागदांवर बहुतेकांना एकच नाव दिलंय, उतार-चढाव होणारा ताप, म्हणजे हिवतापाच्या घरातला.

एका टेबलाशी हेन्री व्हॅन्डाइक कार्टर बसलाय. जगभरचे डॉक्टर ज्या 'ग्रेज ॲनाटॉमी'वर शिकतात तिच्यातली मूळ चित्रं या माणसाच्या हातची. १८५८ साली ते पुस्तक छापून आलं, त्याच वर्षी हा मुंबईत आला. चित्रकाराचा डोळा असल्यामुळे असेल, नावावर समाधान मानायची त्याला सवय नाही. त्यानं तापाच्या रोग्याच्या बोटातून थेंबभर रक्त काढून काचेवर ठेवलंय. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा. तांबड्या पेशींच्या चवडी, आणि त्यांच्यामधून वळवळत जाणारा एक धागा, बाटलीच्या बुचात फिरवायच्या मळसूत्रासारखा. धागा स्वतः मोठ्या मुश्किलीनं दिसतो. त्यानं ढकललेल्या पेशी हलतात त्यावरून तो कळतो. बर्लिनमध्ये ओबरमायर नावाच्या डॉक्टरनं उलटणाऱ्या तापाच्या रोग्यांत असाच जीव पाहिला होता. आता तो मुंबईत दिसला, म्हणजे हा हिवताप नाही. हा उलटणारा ताप.

पण याच रोग्याचं रक्त चार दिवसांनी बघा. घाम फुटून ताप उतरलाय, माणूस उठून बसलाय, आणि काचेवर धागा नाही. कुणी आज पहिल्यांदा तपासलं तर म्हणेल, काहीच नाही. आठवड्यानं ताप परत येतो आणि धागेही परत येतात. सूक्ष्मदर्शक हातात आला म्हणून वाट बघणं सुटलं, असं झालं नाही. योग्य दिवशी बघितलं तरच ते दाखवणार. १८८२ मध्ये कार्टरनं पश्चिम भारतातल्या या तापावर आख्खं पुस्तक लिहिलं. माझ्या मते मुंबईनं त्याला जेवढं लक्षात ठेवायला हवं होतं तेवढं ठेवलं नाही.

परत भिवंडीला. १८६०च्या पुढचा एखादा पावसाळा. सत्तावन्नच्या धामधुमीनंतर उत्तरेकडून आलेल्या विणकरांची वस्ती इथे रुजू लागलीय. माजघरात हातमाग, ओसरीवर हकीम. त्यांच्या गुडघ्यावर फारसी ग्रंथ आहे, 'तिब्ब-ए-अकबरी', औरंगजेबाच्या काळातल्या अकबर अर्जानीचा, ज्याच्या मुळाशी 'कारणं आणि लक्षणं' अशा नावाची आणखी जुनी परंपरा आहे. समोर कुणाचं तरी तापलेलं पोर. हकीम तीन बोटांनी नब्ज धरतात, काचेच्या कुपीतला कारुरा, म्हणजे लघवी, उजेडाकडे धरून त्याचा रंग बघतात. पुरळ अजून आलेलं नाही. यायचंय, आणि काय येणार ते आत्ताच सांगता आलं तर घरच्यांना तयारी करता येईल.

हकीम आईला म्हणतात, याला कमरेला धरून उचल. ती उचलते. पोर रडतं, पण मघापेक्षा जास्त नाही. मग विचारतात, उमळतंय का? जीव घाबरा होतोय का? रात्री तळमळ किती? आई तिन्हींना मान हलवते.

"हसबा," हकीम म्हणतात. खसरा. आपला गोवर.

हे प्रश्न त्यांचे स्वतःचे नाहीत. इसवी सन ९००च्या आसपास, रय गावचा आणि बगदादच्या इस्पितळात नाव कमावलेला अबू बक्र अल-राझी यानं देवी आणि गोवर यांवर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्यात त्यानं नोंदवलंय की पाठीचं दुखणं देवीत जास्त, आणि अस्वस्थपणा, मळमळ, घाबरेपण गोवरात जास्त. १९७४ मध्ये पत्र्याच्या चाळीत विचारलेला कमरेचा प्रश्न हजार वर्षांहून जुना निघाला तो असा. गंमत म्हणजे राझी या दोघांना पूर्ण वेगळे रोग मानतच नव्हता. द्राक्षाच्या रसाला आंबताना उकळी फुटावी तशी लहानपणच्या रक्ताला उकळी फुटते, आणि तिचे हे दोन प्रकार, अशी त्याची उपपत्ती. उपपत्ती सपशेल चुकली, पण निरीक्षण टिकलं. आणि याच राझीच्या प्रचंड संग्रहग्रंथात 'शरक' आणि 'सुस्रुद' अशी नावं येतात: चरक आणि सुश्रुत, अरबी जिभेवर. म्हणजे भिवंडीच्या ओसरीवर जे ज्ञान फारसीतून आलं त्यातलं थोडं कधीकाळी इथूनच गेलं होतं.

तेव्हा शेवटचा मुक्काम तिथेच करू. शिलाहारांचा काळ, भिवंडीजवळचं लोणाड. देवळाच्या सावलीत वैद्य बसलेत आणि समोर एक म्हातारा कोळी, गुडघे सुजलेले. ओठांवर माधवाचा 'रोगविनिश्चय', ज्याला लोक पुढे माधवनिदान म्हणतील. गुडघे दुखतात तर वाताची दोन नावं पुढे आहेत, संधिगत वात आणि आमवात. दोन्हींत सूज, दोन्हींत ठणका. वैद्यांना आज ठरवता येत नाही आणि त्यांना त्याची लाजही वाटत नाही. रात्री कोमट तेल चोळ, ते म्हणतात, आणि सकाळी ये. तेलानं बरं वाटलं तर संधिगत वात; दुखणं वाढलं तर आमवात. याला उपशय म्हणतात. लक्षणं लपलेली असतील तेव्हा उपायच साक्षीदार म्हणून उभा करायचा. आजचा डॉक्टर 'दोन दिवस गोळी घेऊन बघा' म्हणतो आणि आपण बाहेर पडून कुरकुरतो की त्याला काही कळत नाही. मीही कुरकुरलोय.

कोळ्यामागे एक बाई पोर घेऊन आलीय. माधवानं मसूरिकेच्या अध्यायात मसुरीएवढ्या फोडांपासून वेगळी अशी एक गोष्ट सांगितलीय, रोमान्तिका: आधी ताप, मग केसांच्या मुळांइतकंच उंच उठलेलं लालसर पुरळ, सोबत खोकला, आणि अन्नावरची वासना गेलेली. वैद्य पोराचा कान हळूच पुढे वळवून त्यामागे बघतात.

परतीच्या वाटेत १९११-१२ला क्षणभर थांबा, मुंबईत नाही, बॉस्टनमध्ये. रिचर्ड कॅबट यानं ३८३ रोग्यांच्या हकीकतींवर 'व्यवच्छेदक निदान' याच नावाचं पुस्तक काढलंय, आणि पुढच्या वर्षी तीन हजार शवविच्छेदनांशी ताडून दाखवलंय की नामवंत इस्पितळातली निदानं किती वेळा चुकतात. लंडनमध्ये हर्बर्ट फ्रेंच लक्षणांची अकारविल्हे सूची छापतोय: रोगाचं नाव शोधायचं नाही, खोकला किंवा पुरळ शोधायचं आणि त्याखाली सगळी नावं वाचायची. यादी आता छापील झाली. लोकांना ही दोन पुस्तकं म्हणजे विषयाची सुरुवात वाटते. तुम्ही आत्ताच लोणाडहून आलात.

लाईट येते. एक लूम, दोन, मग शेकडो. बाटल्या पुन्हा किणकिणू लागतात.

मुलगी आईच्या खांद्यावर पेंगतेय. डॉक्टर तिच्या जिभेवर जीवनसत्त्व 'अ'चं औषध सोडतात, दोन लाख युनिट, आणि दुसरा डोस उद्याचा म्हणून सांगतात. गोवरात डोळे आणि जीव वाचवायला ते लागतं आणि गोवर नसला तरी एवढ्यानं बिघडत नाही. मग महापालिकेच्या आरोग्य केंद्राला फोन. आता नियम असा आहे की ताप आणि पुरळ एवढं जरी असलं तरी कळवायचं. खोकला आहे का, डोळे लाल आहेत का, हे ठरवत बसायचं नाही. रक्त मात्र आज घ्यायचं नाही. पुरळ उठल्यावर पहिल्या तीन दिवसांत घेतलं तर गोवर असूनही उत्तर 'नाही' येऊ शकतं. कार्टरला हे पटलं असतं.

"घर में और बच्चे?"

जावेचा आहे, सात महिन्यांचा. डॉक्टर मान वर करतात. गोवराची पहिली लस नऊ महिन्यांनी, पण या साथीत भिवंडीसारख्या ठिकाणी सहा महिन्यांवरच्या बाळांना एक जादा डोस द्यायचा निर्णय झालाय. उद्या त्यालाही आणायला सांगतात.

बाई प्लास्टिकची पिशवी चाचपते. केस विंचरायच्या फणीखालून एक चुरगळलेली गोळ्यांची पट्टी निघते. हीच दिली होती, मेडिकलवाल्यानं. डॉक्टर ती उजेडाकडे धरून वाचतात. साधं पॅरासिटामॉल. ते केसपेपर ओढतात आणि यादीतल्या शेवटच्या नावावर एक आडवी रेघ मारतात. तीन नावं उरली. पहिल्याच्या आधीचं प्रश्नचिन्ह तसंच आहे.

"तो खसरा ही है ना?"

"शनिवार को आना. खून लेंगे." आणि ते पुढच्या नंबराला हाक मारतात.